मागच्या स्टँडमधला आवाज

ढोल-बिगुलांची स्पर्धा बघायला सगळं गाव स्टेडियमच्या पुढच्या स्टँडमध्ये बसलं होतं. मागच्या स्टँडमध्ये डोकी दोनच, एमिल कोव्हालिक आणि त्याची बायको आयरीन. तोंडावर ऊन, बसायला तापलेला पत्रा आणि मैदानात येणारं प्रत्येक पथक पाठमोरं. फुकट बोलावलं तरी कुणी तिकडे फिरकलं नसतं. एमिल मात्र पुढच्या बाजूचं तिकीट काढायचा आणि मुद्दाम इकडे येऊन बसायचा.

"लोकांना वाटतं आपण भांडून आलोय," आयरीन म्हणाली. तिच्या मांडीवर पिरोगींची, बटाटा भरून उकडलेल्या पोलिश करंज्यांची, कागदी ताटली होती.

"भांडूनच आलोय."

"माझ्याशी नाही ना?"

"त्या स्पीकरांशी."

या स्पर्धेत माइक आणि स्पीकर चालतील असा नियम झाला, तेव्हाच एमिलने जागा बदलली होती. स्पीकरांची तोंडं पुढे. मागे येतं ते नुसतं पितळेचं आणि ढोलांचं, म्हणजे एमिलच्या मते जेवढं खरं असतं तेवढंच. शिवाय मागून पाय दिसतात. आणि पायांशिवाय या माणसाला दुसरं काही बघायचंच नसे. "चेहऱ्याने कुणीही कुणालाही फसवतो," तो म्हणायचा. "टाच खोटं बोलत नाही."

तरुणपणी तो सेंट बार्बरा चर्चच्या पथकात बिगूल वाजवायचा. खाणकामगारांची पोरं सगळी. गुडघा कमरेपर्यंत उचलायचा, पावलाचं टोक खाली, आणि रांग अशी की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरा माणूसच दिसू नये. ते पथक कधीच मोडलं, चर्चच्या हॉलमध्ये आता बायका योगासनं करतात. आणि हल्लीची पथकं? पाऊल उचलायचं म्हणून उचलत नाहीत, फरशी पुसल्यासारखी सरपटतात. बरं, तेही चालतात तेव्हा. एरवी धावतात, लोळतात, एकमेकांना खांद्यावर घेतात, मध्येच जमिनीवर आडवे पडून आभाळाकडे बघतात. आणि स्पीकरमधून कुणीतरी बाई कुजबुजते, मी कोण आहे, मी कोण आहे. अगं बाई, तुला माहीत नाही तर आम्हाला काय विचारतेस!

"रांग म्हणजे पथक," हे एमिलचं ठरलेलं वाक्य. "रांग मोडली की उरते ती गर्दी." हे त्याने न्हाव्याला सांगितलं होतं, चर्चबाहेर पाद्र्याला सांगितलं होतं, आणि तोंडात यंत्र असताना दातांच्या डॉक्टरलाही सांगायचा प्रयत्न केला होता.

पण मनात असतं ते तोंडात येतंच. गेल्या वर्षी एका पथकाचा हळवा भाग चालला होता, सगळं स्टेडियम चिडीचूप, मधोमध एक पोरगा गुडघ्यांवर बसून एकटा वाजवत होता, आणि मागून एमिल गरजला, "उठ आणि चाल!" स्पर्धा भरवणारा रँडी शाळेत विज्ञान शिकवतो. साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. म्हणाला, "एमिल, पुन्हा एकदा आवाज आला, तर फाटकातून आत सोडणार नाही. कायमचं. माझा नाइलाज आहे." गावात वर्षातून ही एकच स्पर्धा व्हायची, आणि नजर कमी झाल्यापासून एमिलला हमरस्त्यावर गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे हे फाटक बंद झालं तर जन्मभराचं वेड घरात बसून टीव्हीवर बघायचं, तेही पुढच्या बाजूने. आयरीनने आज फाटकाशीच त्याच्याकडून गप्प बसायची शपथ घेतली होती.

दोन पथकं त्याने दात-ओठ खात काढली. तिसरं आलं ते 'नॉर्थ फाउंड्री'. यांचा देखावा म्हणजे बर्फाचे डोंगर. ऐन जुलैत! चांगले दुमजली, चाकांवरचे, पांढरेशुभ्र. पुढून म्हणे उत्तर ध्रुव दिसत होता. मागून दिसत होता उघडा प्लायवूड, वाळूच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या.

"बघ, बघ हे," एमिल दबक्या आवाजात फणफणला. "पुढे बर्फ आणि मागे सुतारकाम. वरून पोरांना गळ्यापर्यंत बंद पांढरे झगे. या उन्हात! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?"

"पिरोगी खा. तोंड भरलेलं राहील."

"ती बघ. ती ट्युबावाली." एमिल एकदम पुढे सरकला. "ती कडेची. ती चालते गं! पाठ बघ. एवढं धूड खांद्यावर, पण खांदा हलतो का? टाच बघ कशी टेकते. या सगळ्या तमाशात एक तरी पोरगी शिकलेली आहे."

आयरीनने खरंच मान उंचावून बघितलं, कारण नवऱ्याच्या तोंडून कौतुक ऐकून तिला बरेच उन्हाळे झाले होते.

पथक जोरात आलं होतं. ट्युबांची, त्या खांद्यावरच्या अवजड पितळी वाद्यांची, रांग वळसा घालून एका डोंगराच्या मागे आली, एमिलच्या अगदी समोर, आणि ती पोरगी डगमगली. एक पाऊल तिरकं पडलं, दुसरं पडलंच नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि मग कुशीवर कलंडली.

"आडव्या झाल्या बाईसाहेब!" एमिलचा आवाज सुटलाच. "आत्ता कौतुक केलं, लगेच दृष्ट लागली. गादी आणू का गं?"

"एमिल! शपथ!"

तिच्या मागून येणारा ट्युबावाला, ताडमाड उंच पोरगा, मान वळवून बघायला लागला. त्याचं पाऊल अडखळलं. रांगेत चांगलं भगदाड पडलं. आता हे बघून एमिल गप्प बसणार? त्याने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि पोटातून ओरडला, "ए लंब्या! रांग धर! रांग!"

पोरगा दचकला. पुढे झेपावून त्याने जागा गाठली आणि रांग डोंगराच्या पलीकडे निघून गेली.

"आता कशी सरळ झाली," एमिल म्हणाला.

तेवढ्यात रँडी पत्र्यांवर धाडधाड पाय वाजवत आलाच. पिवळं जाकीट, हातात वॉकी-टॉकी, चेहरा पडलेला. "एमिल, काय सांगितलं होतं मी? चला. आयरीन, तुम्हीही चला, मला वाईट वाटतं."

पण एमिलचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो ट्युबाकडे बघत होता. ट्युबा गवतात पालथा पडला होता, तोंड मातीत. पोरगी एकीकडे, वाद्य दुसरीकडे. नाटक करून पडायचं असेल तर वाद्य आधी अलगद टेकवतात. माणूस स्वतः आपटेल, पण वाद्य आपटू देणार नाही, ही गोष्ट बिगूल हातात धरल्याच्या पहिल्या दिवशी शिकवतात.

"रँडी, ती पोरगी पडलीय."

"पडणारच. त्यांच्या खेळातच आहे ते. सगळेच पडतात हल्ली, तुम्हीच तर वर्षभर मला ऐकवत असता."

"अरे, खरी पडलीय! त्या यंत्रावरून कुणाला तरी बोलाव!"

"आणि नाटक निघालं म्हणजे? पथकाचा सगळा खेळ मी बिघडवायचा? एमिल, तुमचं ऐकून मी जर..."

पुढचं ऐकायला एमिल थांबला नाही. त्याने कठड्यावरून पाय टाकला. आयरीन "अरे, गुडघा!" म्हणून ओरडली तोवर तो पलीकडे मैदानाभोवतीच्या धावपट्टीवर उतरला होता. समोर मैदानाची पांढरी रेघ. पथक वाजवत असताना ती रेघ ओलांडायची नाही, बाप मेला तरी नाही. एकदा एका फोटोवाल्याने ओलांडली, तर एमिलने त्याला गाडीपर्यंत शिव्या घातल्या होत्या. आज त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

दुसरी एक रांग त्याच्या अंगावर आली. तो डोळे मिटून जागच्या जागी उभा राहिला. पोरं दोन्ही बाजूंनी निघून गेली, एकाच्या कर्ण्याचं तोंड खांद्याला लागलं, पण थांबलं कुणीच नाही. एकही जण नाही! आंधळी आहेत का कार्टी, एमिल मनात किंचाळला.

पोरीचे डोळे अर्धे उघडे होते. कातडी तव्यासारखी तापलेली आणि घामाचा टिपूस नाही. एमिलने तिच्या झग्याचा गळा फाडला, डोंगरामागची बाटली उचलून डोक्यावर रिकामी केली, हात वर करून ओरडला. कुणाला ऐकू जाणार? मधे तो प्लायवूडचा उत्तर ध्रुव आणि त्याच्यापुढे ते स्पीकर. बाई कुजबुजतच होती, थंडी वाजते, थंडी वाजते.

"थंडी वाजते काय! थांब, दाखवतो थंडी!"

त्याने वाळूच्या पिशव्या लाथांनी उडवल्या, चाकांच्या खिट्ट्या उपटल्या आणि खांदा लावला. डोंगर हलला. मग गडगडत बाजूला गेला, आणि पुढच्या स्टँडला दिसला एक घामाघूम म्हातारा आणि त्याच्या पायाशी पडलेली पोरगी. आधी लोकांनी हुर्यो केली. मग एका बाईची किंकाळी आली आणि प्रथमोपचाराच्या पांढऱ्या पेट्या घेतलेली माणसं पळत सुटली.

पथक शेवटच्या सुरापर्यंत वाजवत राहिलं.

*

पोरगी वाचली. टेस तिचं नाव. सलाइन लावल्यावर शुद्धीवर आली आणि डॉक्टर म्हणाला, अजून थोडा वेळ तशीच राहिली असती तर काही खरं नव्हतं. हे ऐकून दुसऱ्या कुणाचाही जीव शांत झाला असता. एमिलचा उलट भडकला. तो तडक पार्किंगमध्ये गेला, जिथे फाउंड्रीच्या बसगाड्या उभ्या होत्या.

पथकाचा प्रमुख, दाढीवाला तरुण, दोन्ही हात पुढे करून आला. "सर, तुमचे आभार कसे मानू?"

"आभार गेले खड्ड्यात! तुमची सगळी माणसं पुढे का होती? मागे बघायला एक नको? पुढून दिसतं तेवढंच तुमचं पथक?"

"आमचं चुकलं," तो म्हणाला. एमिलला भांडायला जोर यावा असं काही तो बोलतच नव्हता.

"चुकलं म्हणे! आणि तुमची ही पोरं? माणूस पडलेलं दिसतं आणि बाजूने निघून जातात? माणसं घडवताय का यंत्रं? तिच्या मागे होता तो लंब्या कुठाय? त्याला आणा माझ्यापुढे. त्याने बघितलंय. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी, मान वळवून बघितलंय त्याने!"

आयरीनने त्याची बाही ओढली. "एमिल, चल घरी."

"सोड!"

"एमिल, माझं ऐक. आत्ता चल."

"काही ऐकणार नाही. आज त्याला विचारल्याशिवाय मी हलत नाही."

बसच्या पायरीवरून तो पोरगा स्वतःच उतरला. अंगात नुसता घामेजलेला बनियन. रडून डोळे सुजले होते, तरी एमिलपुढे येऊन ताठ उभा राहिला.

"मीच तो, सर."

"बघितलंस ना तू तिला?"

"हो."

"पडली ती खरी, कळलं होतं तुला?"

"ट्युबा आपटला तेव्हाच कळलं."

"मग लाज नाही वाटली? मैत्रीण तुझी! जनावरसुद्धा थांबतं रे!"

"मी थांबत होतो, सर. आईशपथ. पाय थांबलाच होता माझा. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, रांग धर म्हणून. मला वाटलं आमच्याच शिकवणाऱ्यांपैकी कुणी असेल. म्हटलं, त्यांना दिसतंय, तेच बघतील तिच्याकडे, मी आपली जागा धरावी. म्हणून गेलो." त्याने मनगटाने नाक पुसलं. "पण आमचं कुणी मागे नव्हतंच म्हणे. तुम्ही तिकडेच होतात ना? कोण ओरडलं ते, बघितलंत का तुम्ही?"

एमिलने आयरीनकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. तिला पार्किंगमध्ये यायच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर बाही ओढत होती बिचारी.

"मी," एमिल म्हणाला.

"काय?"

"मी ओरडलो. तो आवाज माझा."

दाढीवाला प्रमुख काहीतरी बोलायला पुढे झाला, तर एमिलने त्याला हातानेच मागे सारलं.

"नीट ऐक, पोरा. तू थांबायचं होतंस."

"तुम्ही ओरडलात तरी?"

"मी ओरडलो तरी! हजार माणसं ओरडली तरी! तिथे बसून मी काय करत होतो? पिरोगी खात होतो. कोण लागून गेलो मी, की तू माझं ऐकावंस? असल्या म्हाताऱ्याला तिथल्या तिथे आईवरून शिवी द्यायची आणि रांग सोडायची!" एमिलच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण आवाज तोच, स्टेडियमभर जाणारा. "दे. अजून वेळ गेली नाही. आत्ता दे."

"सर, मी तुम्हाला कशी..."

"दे म्हणतो ना!"

पोराने आजूबाजूला बघितलं. बसच्या खिडक्यांतून सगळं पथक बघत होतं. ओठ घट्ट मिटून त्याने एक श्वास घेतला आणि पुटपुटल्यासारखी एक शिवी दिली.

"मोठ्याने," एमिल म्हणाला.

मग पोराने दिली. एक नाही, येतील तेवढ्या दिल्या, रडत रडत, पार आवाज बसेपर्यंत. एमिल मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला, आणि आयरीनने त्याचा हात धरून ठेवला.