एकसष्टावा ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. माझ्या एका बाजूला लाकडाची गाठ आहे आणि लाथा खाऊन माझे कोपरे झिजले आहेत. तरी मित्रांनो, माझी कीव करू नका. मला ती चालत नाही.

शाळेने साठ ठोकळे मागवले होते. पण सुतारदादांची एक सवय होती. कितीही नग मागा, ते वर एक द्यायचेच. "एखादा हरवला तर पोरांचं अडायला नको," म्हणत त्यांनी मला घासूनपुसून पेटीत टाकलं. पण हरवला एकही नाही, आणि तिथेच माझं नशीब फिरलं.

गणिताच्या बाई मुलांना सारख्या रांगा लावायला सांगत. साठ ठोकळे भारी गुणी! दोनाच्या, तिनाच्या, चाराच्या, पाचाच्या, सहाच्या रांगा लावा, शेवटची भरलेलीच. मी आलो की मात्र दरवेळी एकटा उरायचो. "हा जास्तीचा मेला सगळा विचका करतो," म्हणत बाईंनी मला दार आपटू नये म्हणून दाराशी बसवलं. मला लाज नाही वाटली, राग आला. लाकूड तेच, माप तेच, मग मीच का जास्तीचा?

एके दिवशी बाईंनाच माझी ठेच लागली. "उद्या हा कचऱ्यात!" त्या कळवळून म्हणाल्या.

वर्गातल्या एका मुलीला सगळे हट्टीबाई म्हणत. तिने मला उचलून थेट ढिगात ठेवलं.

"जास्तीचा हाच कशावरून, बाई? दुसरा कुठलाही काढला तरी साठच उरतात."

"अगं, पण हा असला की रांगा जमत नाहीत."

"कुठल्याच नाहीत? बघतेच मी."

तिने दोनाच्या, तिनाच्या, पाचाच्या रांगा लावल्या. मी एकटा उरलो. "चाराच्या, सहाच्या नकोतच. दोनाच्या जमल्या नाहीत, तर त्या कुठून जमणार?" मग साताच्या लावल्या, तर पाच जण उरले. जन्मात पहिल्यांदा मला सोबत मिळाली!

"आता पुढच्या?" बाईंनी पाय चोळत विचारलं.

"नकोत. आठ आठे चौसष्ट, एवढे ठोकळेच नाहीत. रांग आठाची किंवा त्याहून लांब केली, तर रांगा आठाहून कमीच होणार. त्या आपण आत्ताच बघितल्या, फक्त आडव्याच्या उभ्या."

बाई ढिगाकडे बघतच राहिल्या. "म्हणजे एक आणि एकसष्ट, बाकी कुणीच या संख्येला भागत नाही. अगं, ही मूळ संख्या! आणि मी विचका म्हणत बसले."

मग त्यांनी आमची एकच रांग लावली, फळ्यापासून पार दारापर्यंत. दाराशी मीच होतो, पण या वेळी रांगेत.

मित्रांनो, साठांचे सारखे वाटे कुणीही पाडावेत. मी त्यांच्यात असताना पाडून दाखवा! आणि तुमच्यातही कुणी रांगेत बसत नसेल, तर त्याला दाराशी टाकू नका. आधी त्याला धरून मोजा.

मी आता पेटीत असतो. वर्गाचं दार वाऱ्याने धाडधाड आपटतं. आपटू दे!