मादामचा मंगळवार

"काटे पालथे, रंभा. फ्रान्समध्ये टेबलावर काटा पालथाच मांडतात," मादाम म्हणाल्या.

रंभाने काटे पालथे केले. सावंतवाडीकडची ही विधवा आखातातल्या जनाबिया वस्तीतल्या या व्हिलात कित्येक वर्षं घर सांभाळत होती. मादामचे यजमान बँकेत मोठे साहेब. दर मंगळवारी दुपारी मादाम आपला 'सलाँ' भरवत. थोडे गोरे पाहुणे, कॉफी आणि गप्पा. जुन्या पॅरिसात बायका दिवाणखान्यात अशाच बैठका भरवायच्या, हे त्या कौतुकाने सांगत. राजाच्या दरबारात कुणी खुर्चीवर बसायचं, कुणी स्टुलावर, कुणी उभंच राहायचं, सगळं ठरलेलं. सलाँमध्ये मात्र मोल बोलण्याला! भिंतीशी उभी राहून रंभा ऐके. कामापुरतं इंग्रजी तिला कळू लागलं होतं, आणि त्या गोऱ्यांना कामगारांची मोडकी हिंदी.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ शंभू सित्राच्या तेलसाठ्यावर टाकी साफ करताना उन्हाने कोसळला, तो उठलाच नाही. त्याची शवपेटी विमानाने गावी धाडून ती कामावर आली, तो नेमका मंगळवार.

पाहुण्यांत शंभूच्या कंपनीचा साहेब होता. उन्हाचा विषय निघाला तसा तो हसून म्हणाला, "इंडियन लोकांना ऊन बाधत नाही. आळशी असतात, काम नको म्हणून पडतात."

रंभाने ट्रे खाली ठेवला. "साब, शंभू माय ब्रदर. उसने पानी मांगा. फोरमन बोला, पहले काम खलास करो."

मादाम हळूच म्हणाल्या, "आत जा. पाहुण्यांसमोर असं बोलत नाहीत."

"आप ही बोलता मादाम, सलाँ में बात का कीमत."

तिने रिकामी खुर्ची ओढली आणि बसली. तिने शंभूची सगळी हकीकत सांगितली. साहेब तडक उठून गेला. एका म्हाताऱ्या बाईने तेवढं विचारलं, "त्याला मुलं होती?"

"एक बेटी," रंभा म्हणाली.

संध्याकाळी मादामनी तिला बोलावलं. "कंपनीच्या त्या साहेबांना सॉरी म्हण. नाहीतर तुझा व्हिसा रद्द करावा लागेल."

"सॉरी मफी, मादाम. नहीं बोलूंगी."

परतीच्या दिवशी ड्रायव्हर हमीदने तिची ट्रंक डिकीत ठेवली. तो रत्नागिरीचा. "दोन शब्द बोलली असतीस तर नोकरी राहिली असती, ताई."

"माझ्या भावाक आळशी म्हटल्यान रे. गप कशी रवतलंय?"

हमीदने गाडी सुरू करून एसीकडे हात नेला.

"नको," रंभा म्हणाली. तिने काच पूर्ण खाली केली आणि विमानतळापर्यंत तो भाजणारा वारा तोंडावर घेत ताठ बसून राहिली.