माऊसखालचं घड्याळ

पाव

हेमचंद्रने जिग तळ्यात फेकला आणि मनातल्या मनात पावकी सुरू केली. एक पाव पाव.

जिग म्हणजे फार काही नाही. गव्हाच्या दाण्याएवढा शिशाचा मणी, त्यातून निघालेला एक गळ आणि मागे लोकरीची शेपटी. प्रभाच्या उसवलेल्या शेवाळी स्वेटरची लोकर घेऊन हेमचंद्र हे जिग घरीच बांधायचा. पाण्यात पडला की जिग सावकाश बुडतो. किती बुडू द्यायचा, ही सगळी विद्या. त्याच्या वडिलांनी कापडाच्या दुकानात वार मोजता मोजता त्याच्याकडून पावकी पाठ करून घेतली होती, ती इथे आयर्लंडात कामाला आली. आठ पाव दोन म्हणेपर्यंत जिग बरोबर ट्राउट माशाच्या तोंडासमोर पोचतो. तेव्हा काठीला एक हलकी टिचकी.

हे गुपित त्याने एकाच माणसाला सांगितलं होतं. तो माणूस आत्ता नियमाप्रमाणे दोन मीटर अंतर राखून, खुर्ची टाकून केळं सोलत होता.

अर्धा

गुरुनाथ. नागपूरचा. हेमचंद्रच्याच टीममधला, त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. गेल्या वर्षी साथीत ऑफिसं बंद झाली तेव्हा नास गावातल्या एका खोलीत हा एकटाच अडकला होता. प्रभा त्याच्या दाराबाहेर डबा ठेवून यायची. पुढे बाहेर पडायची मुभा मिळाल्यावर हेमचंद्रने त्याला तळ्यावर आणलं, स्वतःची जुनी काठी दिली, चार जिग दिले, पावकी शिकवली.

दर बुधवारी बाराच्या सुमारास तळ्याचा राखणदार डोनल टाकीच्या गाडीतून नवे ट्राउट आणून सोडायचा. हौदात वाढलेले मासे. वरून जे पडतं ते खाणंच असतं, एवढीच त्यांची शिकवण. दोन-तीन दिवसांत शहाणे होतात. म्हणजे धरायचे तर बुधवारीच.

आणि बुधवार कामाचा दिवस.

पाऊण

घरून काम करणाऱ्याच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. माऊस हलला नाही की तो पिवळा पडतो. हेमचंद्रच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं मनगटी घड्याळ होतं. माऊस त्याच्या तबकडीवर ठेवला की सेकंदकाटा खालून फिरत राहतो आणि पडद्यावरचा बाण थोडा थोडा सरकतो. दुपारी दोन तास ठिपका हिरवागार. राहिलेलं काम हेमचंद्र संध्याकाळी जेवणाआधी उरकायचा, कधी चुकवलं नाही. पण दोन तास ते दोन तास.

"सासऱ्यांना कळलं तर?" गुरुनाथ हसून हसून वाकला होता.

"म्हणतील, जावयाचं घड्याळ जावयापेक्षा जास्त काम करतं."

"दादा, मी पण हेच करणार. आजपासून."

पुढच्या बुधवारी त्याने स्वतःहून सांगितलं होतं, "ठेवून आलो हो घड्याळ. माझं पण काम करून राहिलं."

एक

इथे पावकी चुकली. हेमचंद्रने जिग ओढून घेतला आणि पुन्हा फेकला.

सव्वा

परवा, सोमवारी, मॅनेजरबाईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या शेजारच्या चौकटीत एचआरचा माणूस होता.

ती म्हणाली, टीममधून एक जागा कमी होणार आहे, तुला माहीत आहे.

तो म्हणाला, हो.

ती म्हणाली, बुधवारी दुपारी तू कुठे असतोस?

तो म्हणाला, घरी. टेबलापाशी.

मग तिने विचारलं, हेमचंद्र, तुझ्या माऊसखालच्या घड्याळात आत्ता किती वाजलेत?

तो म्हणाला, मी एकटाच तर नाही.

त्यावर ती म्हणाली, गुरुनाथबद्दल बोलत असशील, तर तो दर बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. पहिल्यापासून. तू टाकली नाहीस.

शुक्रवार शेवटचा दिवस ठरला. इथलं कामाचं परमिट नोकरीला बांधलेलं, घराचं भाडं परमिटला. प्रभाला त्याने अजून सांगितलं नव्हतं.

दीड

आज त्याला मासे नको होते. त्याला फक्त एक ऐकायचं होतं. गुरुनाथने आपल्या तोंडाने सांगावं. कसंही सांगावं, रडत सांगावं, चिडून सांगावं, पण आपणहून सांगावं. मग पुढचं पुढे.

"दादा, आज गप्प गप्प?"

"नाही रे."

"मासे पण गप्पच आहेत. वहिनींनी डब्यात काय दिलंय?"

"थालीपीठ."

"द्या ना एक. केळ्याने काय होतंय."

हेमचंद्रने डबा गवतावरून सरकवला. गुरुनाथने थालीपीठ खाल्लं, बोटं चाटली, दुसरं उचललं.

"ऑफिसात काय चाललंय?" हेमचंद्रने विचारलं.

"काय असणार? तेच." त्याची नजर पाण्यावरच होती. "कोणाची तरी जागा जाणार म्हणतात. आपली नाही जाणार, दादा. टेन्शन नका घेऊ."

पावणेदोन

गुरुनाथची काठी वाकली, तिच्यावरचं दोराचं रीळ कुरकुरलं.

"आला! दादा, जाळी! जाळी आणा!"

जाळी दोघांत एकच, हेमचंद्रची. दुसऱ्याला मासा लागला की आपला दोर गुंडाळायचा आणि जाळी घेऊन धावायचं, हा रिवाजही त्यानेच घातलेला. पाय सवयीने धावले. मासा चांगला दीड किलोचा, कुशीवर गुलाबी पट्टा. हेमचंद्रने जाळी खालून घातली आणि उचलली.

"वहिनींना सांगा, आज झणझणीत रस्सा!"

जाळी दोघांच्या मध्ये ठिबकत होती. आता नियमाचे दोन मीटर उरले नव्हते.

"गुरू, घड्याळाचं कोणाला सांगितलंस?"

गुरुनाथच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं.

"तिने सरळच विचारलं, दादा. तुमचं किंवा माझं, एकच नाव राहणार होतं. मी खोटं कसं बोलू?"

"मला बोललास की. वर्षभर. रजा टाकून यायचास आणि घड्याळ ठेवलं म्हणायचास."

"ते आपलं... तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून. आणि रजा, काही झालंच तर असावी म्हणून."

"काही झालंच तर."

हेमचंद्रने माशाच्या ओठातून जिग सोडवला. दोर दातांनी तोडला. शेवाळी लोकर चिंब झाली होती. ती पिळून त्याने जिग शर्टाच्या खिशात टाकला.

"दादा, मासा?"

"मासा तुझा. तू धरलास. जिग माझा आहे."

दोन

त्याने डबा उचलला, जाळी झटकली, काठीचे सांधे सोडवून ती बगलेत घेतली. फाटकापाशी डोनल टाकी धूत होता.

"झालं इतक्यात? सगळं ग्रँड ना?"

"ग्रँड," हेमचंद्र म्हणाला.

पँटच्या खिशातून सासऱ्यांचं घड्याळ काढून त्याने मनगटावर बांधलं. दीड वर्षांनी. पट्टा एक भोक आत घ्यावा लागला. घरी माऊस आज नुसताच पडला होता, ठिपका केव्हाच पिवळा झाला असेल. प्रभाने तो पाहिला असेल का, आणि पाहिला असेल तर काय सांगायचं, हे ठरवत तो रस्त्याला लागला.

मागे पाण्यात बारीक डुबूक वाजलं. गुरुनाथच्या डबीत अजून तीन जिग होते.

हेमचंद्र थांबला नाही, वळलाही नाही. पण पावकी तोंडात आपोआप आली. एक पाव पाव. दोन पाव अर्धा. त्याने ओठ घट्ट मिटले, तरी ती आत चालूच. सहा पाव दीड. सात पाव पावणेदोन.

आठ म्हणताक्षणी तळ्यावरून रीळ कुरकुरल्याचा आवाज आला.