पेट्रोलचा थेंब जाळीन तर शपथ

आमच्या ह्यांनी परदेशातून दोन सीटांची स्पोर्ट्स कार मागवली. ती विजेवरही पळते आणि पेट्रोलवरही. ह्यांनी टाकी काठोकाठ भरली आणि जाहीर केलं, "थेंब जाळीन तर शपथ!"

बॅटरी ऑफिसपर्यंत पुरायची, पण परत येताना बरोब्बर माझ्या माहेरापाशी मान टाकायची. मग आईच्या स्वयंपाकघरातल्या प्लगला वायर लावून हे तिथेच बसायचे. आधी नुसता चहा होता, मग जेवण सुरू झालं, मग मुक्कामच.

"अहो, टाकी भरलीय ना?" मी फोनवर ओरडले.

"पेट्रोलच जाळायचं होतं तर साधी नसती का घेतली?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भांडण झालं की बायकोनं माहेरी जायचं, एवढंच मला ठाऊक. रागात दुसरं सुचतंय कशाला? बॅग भरली आणि तरातरा निघाले. म्हटलं, आता नाक घासत न्यायला येतील.

दार ह्यांनीच उघडलं. अंगात माझ्या बाबांचा पायजमा.

"आलीस? ये. पंखा तेवढा लावू नकोस, गाडी चार्जिंगला आहे," हे म्हणाले. मग बॅगेकडे बघून विचारलं, "किती दिवस राहणारेस?"