परडीतलं वजन

मी काटा बोलतोय. सशांच्या शेडमध्ये, दारालगतच्या आडव्या वाशाला टांगलेला. वर सुई फिरणारी तबकडी, खाली वेताची परडी. एवढाच माझा देह.

मला इथं आणलं ते आबांनी. नजर अधू झाल्यावर आकडा सून वाचायची आणि ते ऐकायचे. ससे मांसासाठी पाळलेले, तेव्हा दर आठवड्याला वजन व्हायचंच. बहुतेक पिल्लं भरली की जायची. मोजक्या माद्या विणीसाठी ठेवायच्या, आणि त्यांना नराकडे कधी न्यायचं ते आबा ठरवायचे.

"साडेपाच महिने आणि तीन किलो. दोन्ही हवं. एकानं भागत नाही."

परडीत ससा धडपडला की माझी सुई नुसती नाचायची. मग आबा त्याच्या पाठीवर तळहात ठेवायचे. ससा निवायचा. सून म्हणायची, "आबा, हात काढा, वजन चुकतंय." ते हसून हात उचलायचे आणि सुई पाव किलो मागे यायची.

त्यांचा धाकटा मुलगा मात्र उतावळा. एकदा चार महिन्यांची मादी अंगानं भरलेली दिसली, म्हणून त्यानं आबांना न विचारता नराच्या पिंजऱ्यात सोडली. महिन्यानं ती अडली. पिल्लू अर्धं बाहेर, अर्धं आत. सून दिवसभर तिच्यापाशी बसून होती, पण काही उपयोग झाला नाही. आबा मुलाला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

त्यानंतर वर्षभरात आबा गेले. तेव्हा एक राखी मादी चार महिन्यांची होती. पंधरवड्यानं एका सकाळी धाकटा शेडमध्ये आला.

"वहिनी, ही झाली की तयार. वजन करून बघा."

सुनेनं मादी परडीत ठेवली. ती जराही धडपडली नाही. कान पाठीला चिकटवून, डोळे अर्धे मिटून बसली. आजूबाजूच्या पिंजऱ्यांत चघळणं थांबलं. सगळे ससे एकाच दिशेला तोंड करून बसले होते. सुई तीनवर स्थिर झाली.

"बघा, तीन. नेऊ?"

"परवा पावणेतीन भरली होती," सून म्हणाली. "दोन दिवसांत पाव किलो कसं वाढेल, भावजी?"

"काटा काय खोटं बोलतोय?"

मी खोटं बोलत नव्हतो. परडीत खरोखरच तीन किलो होते. फक्त त्यातलं पाव किलो वरून येत होतं. मादीच्या पाठीवरची लव एका जागी दबली होती. रुंद तळव्याएवढी जागा, आणि पुढे बोटांच्या पाच रेघा.

सुनेनं ते पाहिलं. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आबा, हात काढा, वजन चुकतंय."

लव हळूहळू वर आली. सुई पावणेतीनवर गेली.

धाकटा दोन पावलं मागं सरला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"थांबू," तो कसाबसा म्हणाला. "वय भरू दे."

पाच आठवडे थांबले. मादी सव्वातीन किलोची झाली, तेव्हा तिला उचलून नराकडे नेलं ते धाकट्यानंच. महिन्यानं तिनं विणीसाठी ठेवलेल्या पेटीत छातीची लव उपटून मऊ घरटं केलं आणि सात पिल्लं दिली. सातही जगली. धाकटा त्या पेटीशेजारी जमिनीवर बसला आणि पोटभर रडला. वडील गेल्यावर तो पहिल्यांदाच रडत होता.

आता टेबलावर बटणांचा नवा काटा आलाय. माझी स्प्रिंग सैल पडलीय, तबकडी काळवंडलीय. मला मोडीत काढलं तरी माझी तक्रार नाही. एक मात्र ऐका. जिवंत जीव तोलायचा असेल, तर आकडा दिसला की लगेच उचलू नका. आम्ही काटे फक्त वजन सांगतो. त्यात कुणाकुणाचा भार आहे, ते तुमचं तुम्हीच बघायचं.