अठ्ठाविसावी जागा

ताईंनी दाताळं पाण्यात भिरकावलं, दोरी सुटू दिली आणि तळ लागल्यावर सावकाश ओढायला सुरुवात केली. सत्ताविसाव्या जागेवरूनही ते वर आलं काळा चिखल घेऊन, सडक्या अंड्याचा वास मारत. त्यांनी वहीत शून्य मांडलं. त्याच्या वर सव्वीस शून्यं होती.

"एकच राहिली," नावाडी म्हणाला.

"चला काका. पालथ्या घड्यावर पाणी, पण चला."

तलावातल्या पाणवनस्पतींची मोजणी करायला ताई बावीस वर्षं येत होत्या, आणि बावीस वर्षं हाच नावाडी त्यांना अठ्ठावीस जागांवरून फिरवत होता. सुरुवातीला तळ काचेतून पाहावा तसा दिसायचा. फितीसारख्या लांब पानांचं पाणगवत इतकं माजलेलं असायचं, की वल्ह्याला गुंडाळून बसायचं. नावाडी त्याला वेणी म्हणायचा, शिव्याही घालायचा. "आल्या ताई, वेणीला फणी करायला!" असं काठावरच्यांना ओरडून सांगायचा आणि स्वतःच हसायचा. पुढे गावाचं सांडपाणी तलावात उतरलं. पाणी हिरवं झालं, दाट झालं, ऊन खाली पोचेना. उन्हावाचून वेणी आधी विरळ झाली, मग पिवळी पडली. गेली दोन वर्षं एक काडीही हाती लागली नव्हती. यंदा तिसऱ्यांदा शून्य आलं, तर ताईंचं कार्यालय या तलावाचं नाव जिवंत तलावांच्या यादीतून काढणार होतं. मग मोजणी बंद, आणि काठावर भराव घालायला कुणाची आडकाठी नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं. सकाळपासून त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

अठ्ठाविसाव्या जागेवर खुणेचा बांबू रोवलेला होता. ताईंनी दाताळं टाकलं, ओढलं. दातांना काहीतरी हिरवं लोंबत होतं.

"काका!"

वेणीची एक काडी होती, हातभर लांब, मुळासकट. तान्ह्याला घ्यावं तशी त्यांनी ती दोन्ही हातांवर घेतली आणि पांढऱ्या तबकात ठेवली. नावाडी पलीकडच्या काठाकडे बघत होता.

मुळांवरचा चिखल धुताना ताईंचा हात मंदावला. आत पिवळी, जाडसर वाळू होती. या तलावात तसली वाळू नव्हती. मुळांभोवती सुती दोरा होता आणि दोऱ्याला एक खडा बांधलेला होता.

"काका, ही लावलेली आहे."

"हो."

"कुणी?"

"मीच. आमच्या हौदातली." तो अजून काठाकडेच बघत होता. "पहिल्या वर्षी तुम्ही आमच्या हिला तीन काड्या दिल्या होत्या. तिनं हौदभर वाढवली. तळ्यातली संपली तशी म्हणाली, ताई जिथं फणी टाकतात तिथं लावून तर बघा. दोन वर्षं लावतोय. एकशे चौसष्ट काड्या. मोजायची ती. सगळ्या कुजल्या. ही एकशे पासष्टावी, आठवड्यापूर्वीची. ही मीच मोजली."

"ही तुम्ही का मोजलीत?"

नावाड्याने वल्हं मांडीवर आडवं घेतलं.

"गेल्या आठवड्यात गेली ती."

सकाळी धक्क्यावर आपण काकूंची चौकशी केली होती की नाही, हे ताईंना आठवेना.

"आणि तुम्ही आज नाव काढलीत?"

"मोजणी वर्षातून एकदाच असते, ताई."

नाव जागच्या जागी हलत राहिली. मग तोच म्हणाला, "दाताळ्याला येईल ते लिहायचं, असाच नियम आहे ना तुमचा?"

नियम तसाच होता. ताईंनी पेन्सिल उचलली. एक लिहिला असता, तरी त्यांना कुणी खोटं ठरवलं नसतं. तलाव यादीत राहिला असता, आणि पुढच्या वर्षी हाच माणूस याच नावेत समोर बसला असता. त्यांनी नावेच्या कडेवरून हात पाण्यात घातला. मनगटापर्यंत बुडवला, तरी बोटं दिसेनात.

"काका, ही इथं उगवलेली नाही."

"नाही."

"मी एक लिहिला, तर पाणी बरं आहे असं वाचतील."

त्याने वल्ह्याचं टोक पाण्यात बुडवून पाहिलं.

"बरं कुठलं," तो म्हणाला. "लिहा काय ते."

ताईंनी शून्य लिहिलं. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. बावीस वर्षांत त्यात वारा आणि ढग यांपलीकडे काही गेलं नव्हतं. तिथं त्या बारीक अक्षरात लिहीत राहिल्या. जागा पुरेना, तशा समासात उतरल्या.

"काय लिहिलंत एवढं?"

त्यांनी वाचून दाखवलं. "नावाडी व त्यांच्या पत्नीने दोन वर्षांत येथे एकशे पासष्ट काड्या लावल्या. एकशे चौसष्ट मेल्या. शेवटची सात दिवस जिवंत."

नावाड्याने तबकातल्या काडीवर ओंजळभर पाणी सोडलं.

"सात नाही," तो म्हणाला. "आठ. ती गेली त्याच दुपारी लावली."

ताईंनी खोडरबर शोधलं, सात पुसलं, आणि कागदावरचा चुरा फुंकून तिथं आठ लिहिलं.