स्तब्धानंदांचं उपरणं

डुकरांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी नाकाला रुमाल लावून जाणारे शेजारी आज हात जोडून उभे होते. स्तब्धानंद महाराजांनी एका डुकरिणीच्या नाकापुढे उपरणं फिरवलं, तिच्या पाठीवर तळवा दाबला आणि डोळे मिटून पुटपुटले, "शांतं, स्तंभं, गर्भं." मघापासून थयथयाट करणारी ती मादी जागीच खिळली. कान ताठ, पाय ताठ. लोकांनी माना डोलावल्या. संस्कृतचा मुडदा पडला, त्याची दया कुणालाच आली नाही.

मालकिणीचे डोळे भरून आले. नवऱ्यामागे तिनं हे फार्म एकटीनं चालवलं होतं. पण यंदा कृत्रिम रेतन करूनही बहुतेक माद्या गाभण राहत नव्हत्या. महाराजांनी खिळवलेल्या माद्यांनाच रेतन करायला सांगितलं आणि त्यातल्या बऱ्याच गाभण राहिल्या. तेव्हापासून महाराज म्हणतील ती पूर्व दिशा.

ज्या खिळत नाहीत त्या शापित, असं महाराजांचं निदान. शेडमध्ये ठेवल्या तर बाकीच्यांची कूसही आटेल म्हणे. त्या न्यायला महाराजांचा मेहुणा टेम्पो घेऊन हजर असायचा. मांसाच्या भावानं न्यायचा, तेही उपकार केल्यासारखं तोंड करून.

आज पाळी टिकलीची होती. तिला मालकिणीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. टिकलीनं उपरणं हुंगलं, पाठीवरचा हात झटकला आणि खाण्याकडे वळली. महाराजांनी सुस्कारा सोडला. मेहुण्यानं दोरी काढून तिच्या गळ्यात अडकवली.

मालकिणीची भाची जनावरांची डॉक्टर. आज टिकलीची पाळी, खिळली नाही तर ती जाणार, असा मावशीनं सकाळीच रडत फोन केला होता, म्हणून ती धावत आली होती. शेडमध्ये शिरल्यावर तिनं एवढंच विचारलं, की महाराज आल्यावर आधी कुठे जातात. मावशीनं भक्तिभावानं सांगितलं, आधी पलीकडच्या खणातल्या म्हाताऱ्या नर डुकराकडे. स्वतःच्या उपरण्यानं त्याच्या तोंडचा फेस पुसतात, एवढी भूतदया.

भाचीनं महाराजांच्या खांद्यावरून उपरणं उचललं. पाप्याचा हात जळेल, असं महाराज म्हणाले. हात काही जळला नाही.

"मावशी, हे धर. त्या कोपऱ्यातल्या मादीच्या नाकाशी ने आणि पाठ दाब. मंत्र म्हणू नकोस."

मालकिणीनं भीत भीत पाठ दाबली. मादी खांबासारखी उभी राहिली.

मग भाचीनं सगळ्यांना समजावलं. माजावरच्या मादीला नराच्या फेसाचा वास आला आणि पाठीवर भार पडला, की ती खिळून उभी राहते. रेतनाची नेमकी वेळ तीच. आजवर रेतन अंदाजानं होत होतं, ते वेळेवर होऊ लागलं, एवढाच काय तो चमत्कार. माजावर नसलेली मादी खिळत नाही. गाभण मादी तर खिळतच नाही.

तिनं टिकलीच्या पोटाला सोनोग्राफीचं यंत्र लावलं. पडद्यावर काळे गोल दिसले.

"ही पिल्लांची घरं. मागच्या रेतनातच राहिलीय ही. मांसाच्या भावात आईसकट सगळी पिल्लं चालली होती."

मालकिणीनं पडद्यावरचे गोल बोटानं मोजले. मग महाराजांकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आधी नेल्या त्याही गाभण होत्या ना?"

महाराज मायेबद्दल काहीतरी बोलू लागले, पण तोवर मेहुण्यानं टेम्पो सुरू केला होता. मग महाराजही उपरणं न घेताच त्याच्यामागे पळाले.

मालकिणीनं टिकलीच्या गळ्यातली दोरी सोडली. गेलेल्या माद्या परत आल्या नाहीत. त्यांची आठवण तिला आजही टोचते. म्हणून वाचकहो, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याच्या हातातली वस्तू मागून घ्या, दुसऱ्याकडून तेच करवून बघा आणि जाणकाराला विचारा. विचारल्यानं कुणाची कूस आटत नाही.